डॉक्टरबाईंचा इंग्रजीचा पेपर

आमच्या डॉक्टरांना 'एसी बंद करा' एवढं इंग्रजीत धड सांगता येत नसे, पण एखाद्याचा गुडघा बरा होईना की त्या त्याला 'ऑब्स्टिनेट' म्हणत. "युवर नी इज ऑब्स्टिनेट." पेशंट घाबरून माझ्याकडे बघायचा. हा काय नवीन रोग? मग मी हळूच सांगायचे, "कुछ नहीं, घुटना ज़िद्दी है बोल रही हैं." पेशंट हसायचा. डॉक्टर हसायच्या नाहीत. गुडघा हट्टी आहे यात हसण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा असायचा.

बहारीनमधल्या जुफैर भागात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते ॲक्युपंक्चरचं क्लिनिक होतं, डॉक्टर चीनहून आलेल्या. आत सुया टोचायच्या दोन खोल्या होत्या, बाहेर माझं टेबल. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बारावीपर्यंत बहारीनच्याच शाळेत इंग्रजीतून शिकलेली आणि पोस्टाने बी.ए. करणारी. इंग्रजी मला उत्तम यायचं, फक्त ते मी शक्यतो कोणाशी बोलत नसे. घरी आईपप्पा मराठीत विचारायचे आणि मी इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर द्यायचे. मराठी लिहायला मी पुष्कळ उशिरा शिकले. हे असलं काही मी मराठीत लिहू शकते यावर त्या काळी कोणीच विश्वास ठेवला नसता, मीसुद्धा नाही.

क्लिनिक दुपारी एक ते चार बंद असायचं. सकाळभर डॉक्टर माझ्यावर ओरडायच्या. "फाइल!" "टॉवेल!" "नेक्स्ट!" एक वाजला की मी दारावरची पाटी फिरवून डबा धुवायला जायचे, आणि परत यायचे तेव्हा दृश्य बदललेलं असायचं. डॉक्टरांनी पांढरा कोट काढून खुंटीला लावलेला, केस पुन्हा बांधलेले, आणि त्या माझ्या टेबलासमोरच्या पेशंटच्या खुर्चीपुढे ताठ उभ्या.

"गुड आफ्टरनून, टीचर."

त्रेचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षं सुया टोचलेली, माझ्यासाठी उभी राहायची. पहिल्या दिवशी मी इतकी ओशाळले की मीही उभीच राहिले. दोघी उभ्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "टीचर सिट. देन स्टुडंट सिट. दिस इज कस्टम." त्यांच्याकडे शिकवणाऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, वय काहीही असो. चार वाजले की पुन्हा कोट अंगावर चढायचा आणि पुन्हा "फाइल!" सुरू. या दोन माणसांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

त्यांना पीएच.डी. करायची होती, सुयांच्याच शास्त्रात. चीनमध्ये त्यासाठी प्रवेशपरीक्षा असते आणि विषय कोणताही असला तरी इंग्रजीचा पेपर सगळ्यांना द्यावा लागतो. डॉक्टर दोनदा त्या परीक्षेला बसल्या होत्या आणि दोन्ही वेळा फक्त इंग्रजीत आपटल्या होत्या. पुढच्या मार्चनंतर त्या वयाच्या अटीत बसणार नव्हत्या. म्हणजे आता एकच संधी उरली होती. परदेशात राहून इंग्रजी सुधारेल म्हणून त्यांनी बहारीनची नोकरी धरली, कारण तिथे सगळे इंग्रजी बोलतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

सहा महिन्यांत त्या 'यल्ला' म्हणजे 'चला' शिकल्या, 'खलास' शिकल्या. मल्याळी पेशंटांकडून 'वेदना' शिकल्या आणि बाकीच्या भारतीयांकडून 'दर्द'. दुखणं चार भाषांत यायला लागलं. इंग्रजी मात्र आलं तेव्हा जेवढं होतं तेवढंच. जवळच्या नौदलाच्या तळावरच्या काही गोऱ्या बायका पाठदुखीसाठी यायच्या, त्या अस्सल इंग्रजी बोलायच्या. पण डॉक्टरांचं म्हणणं, "दे ईट द वर्ड. नॉट च्यू. ओन्ली स्वॅलो." मी मात्र एकेक शब्द वेगळा ठेवून बोलते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. मी तशी बोलत होते ती लाजेमुळे, पण त्यांना ती माझी शिकवण्याची पद्धत वाटली.

त्यांच्या डिक्शनरीची मला दया यायची. एक जाडजूड इंग्रजी-चिनी डिक्शनरी त्यांनी मोठ्या कात्रीने कापून तिचे बारा तुकडे केले होते. एक तुकडा कोटाच्या खिशात बरोबर बसायचा. तो पाठ झाला की दुसरा. रोज सकाळी सहाला त्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन समुद्राकडे तोंड करून शब्द मोठ्याने म्हणायच्या. कुजबुजत नव्हे, कवायतीला हुकूम देतात तसं. त्यांच्या कॉलेजात सगळे असंच सकाळी बाहेर उभं राहून पाठ करायचे म्हणे. इमारतीच्या वॉचमनने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, डॉक्टर किससे लड़ता है रोज़?" मी म्हटलं, "इंग्लिश से." त्याने मान डोलावली. त्याला पटलं.

या डिक्शनरीपायी त्यांचं बोलणं मोठं मजेशीर झालं होतं. आठ तुकडे संपले होते, चार बाकी होते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुळाक्षरांपर्यंत त्या प्रोफेसर होत्या आणि त्यापुढे अगदी बालवाडी.

एकदा त्यांनी पेटीतून जुने पेपर काढले. पातळ कागदावर छापलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. शब्दांचे चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. म्हणाल्या, "टीचर डू. आय डू. टुगेदर." अर्धा तास भिंतीवरचं घड्याळ बघत आम्ही दोघींनी पेपर सोडवला. शाळेत मला इंग्रजीचं बक्षीस मिळालेलं, मी निवांत होते. मग त्यांनी मागची उत्तरं काढून तपासलं.

त्यांना एकतीस. मला तेवीस.

डॉक्टरांनी माझं मनगट पकडलं, तीन बोटं नाडीवर ठेवली आणि डोळे मिटले. "टीचर, यू आर सिक?"

"नो, डॉक्टर. ऑल फोर वर्ड्स साउंड करेक्ट टू मी."

"फोर करेक्ट नॉट पॉसिबल. शो टंग."

मी जीभ दाखवली. बरी होती. त्या दिवशी मला समजलं की आम्हा दोघींचं इंग्रजी एकच नव्हतं. माझी भाषा कानाने आलेली, कुठेही टेकली तरी चालायची. त्यांच्यासाठी इंग्रजी म्हणजे एक शरीर होतं. नेमके बिंदू पाठ करायचे, तिथेच सुई लागली पाहिजे, अर्धा इंच इकडेतिकडे झालेलं चालायचं नाही. त्यांनी लगेच वाटणी करून टाकली. "वर्ड, माय जॉब. एसे, युवर जॉब." कारण निबंध आणि भाषांतर यांतच त्या दोनदा बुडाल्या होत्या. रोज एक निबंध त्या लिहिणार, मी तपासणार.

पप्पांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. पप्पा नागपूरकडचे, हिद्दजवळच्या गोदीत टेक्निशियन होते. आमच्या घरात पीएच.डी. हा शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली यायचा. शिक्षणाने माणसाचं काय होतं हे आमच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

"पीएच.डी. करून राहिली? ह्या वयात? आन् तुले शिकवाले बोलावते?" पप्पा म्हणाले. मग आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली. "आन् चीनची हाय म्हणजे बौद्धच असंन ना व. बुद्धपौर्णिमेले घेऊन ये त्यायले."

"पप्पा, आय डोन्ट थिंक सो," मी म्हटलं.

"थिंक काऊन करतं? चीनची हाय म्हणतं ना?"

पुढचा विषयच बंद. मी डॉक्टरांना निमंत्रण दिलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "हाऊ मेनी पीपल?" आणि "दे अंडरस्टँड इंग्लिश?" मी म्हटलं, चाळीसेक माणसं असतील, इंग्रजी थोडंफार सगळ्यांना येतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मुहर्रकला एका काकांच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. चटया घातलेल्या, मूर्तीपुढे मेणबत्त्या आणि फुलं, बायका पांढऱ्या साड्यांत. डॉक्टर इस्त्री केलेली निळी पँट आणि पांढरा शर्ट घालून, गरम पाण्याचा थर्मास घेऊन आल्या. पप्पांनी हात जोडून त्यांना पुढे बसवलं. वंदना सुरू झाली तेव्हा सगळ्यांचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे. डॉक्टर ताठ बसून नुसत्या ऐकत होत्या. पप्पांना राहवेना. वंदना संपल्या संपल्या त्यांनी वाकून विचारलं, "मॅडम, यू आर बुद्धिस्ट, नो?"

"नो," डॉक्टर म्हणाल्या. "आय ॲम ॲक्युपंक्चर डिपार्टमेंट."

पप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. पण तोवर काकांनी माइक हातात घेतला होता. "आज आपल्यात चीनहून आलेल्या थोर डॉक्टर आहेत, त्या दोन शब्द बोलतील." मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. डॉक्टर उठल्या, माइक बाजूला सारला, हात पाठीमागे बांधले आणि गच्चीवरच्या आवाजात सुरू झाल्या.

"नाउअडेज, विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी, द प्रॉब्लेम ऑफ एअर पोल्यूशन हॅज बिकम मोअर अँड मोअर सीरियस."

तो आदल्या आठवड्याचा निबंध होता. फर्स्टली, सेकंडली, लास्ट बट नॉट लीस्ट, सगळं जिथल्या तिथे. कारखान्यांचा धूर, झाडं लावण्याचं महत्त्व, सरकारची जबाबदारी. चाळीस माणसं चिडीचूप. शेवटच्या वाक्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं आणि खाली बसल्या. मग काकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि हॉल दणाणून गेला.

"काय मुद्देसूद बोलली बाई," मागे कोणीतरी म्हणालं.

परतताना गाडीत पप्पा म्हणाले, "बौद्ध नाही म्हणते. पण धुराबद्दल बोलली ते खरंच हाय. आमच्या गोदीत येऊन पाहा म्हणा." त्यानंतर दर शुक्रवारी ते डॉक्टरांसाठी आईकडून खिरीचा डबा भरून घ्यायचे. डॉक्टर ती खीर औषधासारखी घड्याळ लावून खायच्या.

आता जे सांगायचं आहे त्यात माझी फजिती आहे.

रोजचे निबंध मी तपासत होते खरी, पण कसे? दहा चुका असल्या तर तीनच्या खाली रेघ ओढायची आणि शेवटी 'गुड' लिहायचं. इतकी मोठी बाई, दिवसभर उभी राहून काम करते, दुपारची झोप सोडून लिहिते. तिच्या कागदावर लाल रेघा कशाला? मी स्वतःला सांगायचे की मला त्यांना दुखवायचं नाही. खरं कारण निराळं होतं. चूक दाखवली की बोलावं लागतं. ही चूक का, असं त्या विचारणार, मी सांगणार, त्या वाद घालणार. मला कोणाशीच वाद नको होता. गप्प बसायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे 'गुड'.

डिसेंबरमधल्या एका दुपारी त्यांनी नेहमीसारखा निबंध दिला, सायकली आणि मोटारी या विषयावर. मी तीन रेघा ओढल्या, 'गुड' लिहिलं आणि कागद परत दिला. त्यांनी तो हातात घेतला नाही. खिशातून दुसरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तोच निबंध होता, पण छापील. त्यांच्या पुस्तकातला नमुना. माझ्यापुढचा कागद त्यांनी त्यावरूनच लिहिला होता आणि मुद्दाम त्यात पंधरा चुका पेरल्या होत्या.

"फिफ्टीन," त्या म्हणाल्या. "टीचर फाइंड थ्री."

मी खोटं बोलू शकले असते की मला दिसल्या नाहीत. पण ते आणखी वाईट झालं असतं.

"आय सॉ देम," मी म्हटलं.

"ऑल?"

"ऑल."

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि भिंतीवरच्या माणसाच्या चित्रापुढे उभं केलं. अंगभर रेघा आणि ठिपके असलेलं ते चित्र. त्यांनी मानेवरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हिअर, नीडल टू डीप, पेशंट डाय. माय टीचर सी माय हँड राँग. टीचर पोलाइट? टीचर से गुड?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नो. टीचर हिट. विथ रूलर." मग म्हणाल्या, "सेव्हन मंथ्स आय लर्न युवर गुड. सेव्हन मंथ्स गॉन. माय लास्ट एक्झाम."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी हात झटकला. त्यांना सॉरी नको होतं.

घरी जाऊन मी त्यांचे गेल्या महिन्याचे निबंध पुन्हा काढले. बघून झालेले निबंध त्या फाइलला लावायला माझ्याकडेच द्यायच्या. लाल पेनने एकेक ओळ तपासली. दुसऱ्या दिवशी गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. वरच्याच निबंधात चौतीस चुका होत्या. खाली मी लिहिलं होतं, 'फेल'. डॉक्टरांनी एकेक पान उलटलं. मग तो वरचा निबंध घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि चार टाचण्यांनी त्या ठिपकेवाल्या माणसाच्या शेजारी लावला. पेशंट विचारायचे, हे काय आहे? त्या अभिमानाने सांगायच्या, "माय डिसीझ."

त्या दिवसापासून आमच्या दुपारी भांडणाच्या झाल्या. इथे 'द' का? तिथे का नाही? पुस्तकात असं आहे. पुस्तक चूक आहे. पुस्तक चूक कसं असेल? मी टेबलावर हात आपटून बोलायला लागले होते. एकदा बाहेर जिन्यात थांबलेला पेशंट चार वाजता आत आला तो म्हणाला, "सब ठीक? मैं समझा झगड़ा हो गया." फेब्रुवारी संपेपर्यंत चुका नऊवर आल्या होत्या. एकदा सहा. मी तरी 'गुड' लिहिलं नाही. 'सिक्स' एवढंच लिहिलं.

मार्चमध्ये दहा दिवसांची रजा घेऊन त्या परीक्षेला गेल्या आणि परत आल्या. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाल्या, "फाइल!" मी ओळखलं की विचारायचं नाही. एप्रिल गेला. मे निम्मा गेला.

त्यांचा एक नियम होता. सुया लावलेल्या असताना दार उघडायचं नाही. इमारतीला आग लागली तरी आधी सुया, मग आग, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आत तेव्हा हाजी होते. मोत्यांच्या दुकानाचे मालक, चांगले आडव्या अंगाचे, कंबरदुखीसाठी यायचे. बाहेर बाकावर चार पेशंट. आणि फॅक्स वाजायला लागला.

सगळा कागद चिनी. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, फक्त आकडे कळत होते. तीन आकडे, एकाखाली एक. त्यांच्या प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठावर इंग्रजी या अर्थाची जी दोन चिन्हं असायची तेवढी मी ओळखत होते. ती मधल्या ओळीत होती. त्यांच्यापुढे आकडा होता सहासष्ट. पास व्हायला साठ लागायचे, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं.

मी दाराकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. सुया निघायला अजून पंधरा मिनिटं होती. मी खुर्चीत बसले, कागद पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला. मग उठले आणि दार उघडलं.

"आउट!" डॉक्टर न बघताच म्हणाल्या.

"सिक्स्टी-सिक्स," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या बाकावरचे चौघेही उठून उभे राहिले. "इंग्लिश, सिक्स्टी-सिक्स!"

हाजी टेबलावर पालथे होते, पाठीवर अकरा सुया. त्यांनी तोंड उशीतून वर काढलं. "क्या हुआ? मुश्किल?"

"मफी मुश्किल, हाजी, कुछ मुश्किल नहीं. डॉक्टर पास हो गई."

डॉक्टरांनी हात पुसले, कागद घेतला आणि स्टुलावर बसून वाचायला लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होते. तो आला, अगदी थोडा, आणि मध्येच थांबला. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं होतं. एकसष्ट.

"सिक्स्टी-वन. दॅट इज ऑल्सो पास," मी म्हटलं.

"यस," डॉक्टर म्हणाल्या. "लोएस्ट." मग कागद मांडीवर ठेवून, कोणाकडेच न बघता त्या म्हणाल्या, "इंग्लिश, ऑल यिअर स्टडी. दिस पेपर, नो स्टडी. आय थिंक, ट्वेंटी यिअर आय डू, व्हाय स्टडी?"

"वो कौनसा पेपर?" हाजींनी उशीतून विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. वर्षभरापूर्वी मी खाली बघितलं असतं.

"सुई का, हाजी," मी म्हटलं.

"सिक्स्टी-वन," हाजी म्हणाले. "आउट ऑफ?"

"हंड्रेड."

"या अल्ला," हाजी म्हणाले. "डॉक्टर, यल्ला, निकालो."

"टेन मिनिट मोअर. डोन्ट मूव्ह."

"बाक़ी थर्टी-नाइन किधर है? मेरी पीठ में?"

मला वाटलं आता त्या चिडणार. पण डॉक्टरांच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला, शिंकेसारखा, मग दुसरा. दीड वर्षात मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून ते हसू आहे हे कळायला मला वेळ लागला. मग मी हसले, दारात जमलेले चौघे हसले, आणि शेवटी हाजींना हसू आवरेना. त्यांचं ते भलंमोठं अंग गदगदायला लागलं, पाठीवरच्या अकराही सुया थरथरायला लागल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना डॉक्टर दोन्ही हात पसरून ओरडत होत्या, "हाजी, डोन्ट लाफ! टीचर, टेल हिम! डोन्ट लाफ!"